एक लहानशी कळ

मालवणच्या बंदरात उभे राहिले की समोर कुरटे बेटावरील सिंधुदुर्ग किल्ला दिसतो. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६४ साली या किल्ल्याच्या बांधकामास आरंभ केला. किनाऱ्यापासून किल्ला फार दूर नाही. तरीही होडी तेथे नाकासमोर सरळ जात नाही. वाटेत जागोजागी खडक आहेत. काही पाण्याबाहेर डोके काढून असतात, तर काही पाण्याखाली दडलेले असतात. भरतीच्या वेळी जेथून होडी सहज निघून जाते, तेथेच ओहोटीच्या वेळी तिचा तळ खडकाला घासू शकतो. म्हणून जाणता तांडेल होडी लोटण्यापूर्वी पाणी किती आहे ते पाहतो. होडी मजबूत आहे आणि वारा अनुकूल आहे, एवढ्याने त्याचे समाधान होत नाही. होडी आणि पाणी यांची जुळणी झाली पाहिजे, हे त्याला ठाऊक असते.

विजेवर चालणाऱ्या यंत्रांचेही असेच आहे. यंत्र उत्तम असेल, वीजही पुरेशी असेल. परंतु त्या दोहोंची जुळणी नसेल, तर क्षणात मोठे नुकसान होते. अशाच एका जुळणीची माहिती आपण या पाठात करून घेणार आहोत. ती अवलंबून असते संगणकाच्या पाठीमागे असलेल्या एका लहानशा कळीवर.

मुलांनो, घरात येणाऱ्या विजेला दाब असतो. हा दाब डोळ्यांना दिसत नाही. म्हणून पाण्याच्या साहाय्याने आपण त्याची ओळख करून घेऊ. घराच्या गच्चीवर पाण्याची टाकी असते. टाकी जितकी उंच, तितक्या जोराने खालच्या नळाला पाणी येते. टाकीची उंची दुप्पट केली, तर नळावरील दाबही दुप्पट होतो. नळ व त्याचे जोड हा दाब सोसण्याइतके मजबूत असतील तर ठीक. नाहीतर एखादा जोड सुटतो आणि पाणी उसळून बाहेर पडते. तारेतून वीज वाहते तीही अशाच दाबामुळे. हा दाब ‘व्होल्ट’ या एककात मोजतात. अलेस्सांद्रो व्होल्टा या इटालियन शास्त्रज्ञाने १८०० साली विजेची पहिली घटमाला जगापुढे मांडली. त्याच्या सन्मानार्थ या एककाला त्याचे नाव देण्यात आले आहे.

आपल्या महाराष्ट्रात कोयना प्रकल्पाची वीज प्रसिद्ध आहे. कोयना नदीचे अडवलेले पाणी सह्याद्रीच्या पोटातील बोगद्यांतून कोकणच्या बाजूला, चिपळूण तालुक्यातील पोफळी येथे उतरते. त्या पाण्याच्या जोरावर तेथे प्रचंड चक्रे फिरतात आणि वीज निर्माण होते. ही वीज दूरवर न्यायची असते. दाब कमी ठेवला, तर तेवढीच शक्ती नेण्यासाठी तारांतून फार मोठा प्रवाह सोडावा लागेल. तारा तापतील आणि वाटेतच पुष्कळ वीज वाया जाईल. म्हणून दूरच्या प्रवासासाठी विजेचा दाब मुद्दाम वाढवतात. मोठमोठ्या मनोऱ्यांवरून जाणाऱ्या तारांमध्ये तो २,२०,००० व्होल्ट किंवा त्याहूनही अधिक असतो.

एवढा दाब घरात आला, तर घर क्षणभरही सुरक्षित राहणार नाही. म्हणून गावाकडे येताना तो पायरीपायरीने उतरवतात. दाब कमी-अधिक करणाऱ्या यंत्रास रोहित्र म्हणतात. गावाबाहेर दोन खांबांमध्ये बसवलेले रोहित्र तुम्ही पाहिले असेल. लोक त्याला ‘डीपी’ म्हणतात. त्याच्याकडे ११,००० व्होल्ट दाबाची वीज येते आणि त्याच्यातून निघून घराघरात पोहोचते, तेव्हा तिचा दाब २३० व्होल्ट एवढा उरलेला असतो. भारतात घरगुती विजेचा हाच प्रमाण दाब आहे.

परंतु सर्व जगात हा दाब सारखा नाही. अमेरिकेत घरातील विजेचा दाब १२० व्होल्ट आहे. जपानात तर तो १०० व्होल्टच आहे. हा फरक कसा पडला? थॉमस एडिसन याने १८८२ साली न्यूयॉर्क शहरात वीजकेंद्र सुरू केले, तेव्हा त्याच्या दिव्यांना सुमारे ११० व्होल्ट दाब मानवत असे. त्या दाबाला अनुसरून तेथे तारा पसरल्या, उपकरणे तयार झाली आणि तीच रीत रूढ झाली. पुढे दिव्यांत सुधारणा झाली. एकोणिसावे शतक संपत आले, त्या सुमारास बर्लिन शहरातील वीजकंपनीने दाब दुप्पट करून २२० व्होल्ट केला. दाब दुप्पट केला की तेवढीच शक्ती निम्म्या प्रवाहात नेता येते आणि तारेतील तांब्याची बचत होते. युरोपातील इतर देशांनीही मोठ्या दाबाची हीच वाट धरली. अमेरिकेत मात्र तोपर्यंत लाखो दिवे व यंत्रे जुन्या दाबावर चालू होती. ती सर्व बदलणे सोपे नव्हते. अशा रीतीने जगात दोन प्रमुख रीती निर्माण झाल्या. यांतील कोणतीही एक बरोबर आणि दुसरी चूक, असे म्हणता येत नाही. दोन्ही आपापल्या ठिकाणी योग्यच आहेत. घोटाळा होतो तो एका ठिकाणचे यंत्र दुसऱ्या ठिकाणी नेताना.

आता संगणकाकडे वळू. संगणक काम पुष्कळ करतो. पण त्याच्या अंतर्भागाला लागणारा विजेचा दाब अगदी थोडा असतो. १२ व्होल्ट, ५ व्होल्ट, ३.३ व्होल्ट अशा दाबांवर त्याचे निरनिराळे भाग चालतात. शिवाय त्यांना एकाच दिशेने वाहणारा प्रवाह लागतो. घरात येणारी वीज तशी नसते. समुद्राच्या लाटेप्रमाणे ती वरखाली होत असते आणि एका सेकंदात ५० वेळा असा फेरा पूर्ण करते. म्हणून टेबलावरच्या संगणकात एक पत्र्याची पेटी बसवलेली असते. बाजारात तिला ‘एसएमपीएस’ म्हणतात. बाहेरची वीज आत घेणे, तिची दिशा एक करणे, तिचा दाब उतरवणे आणि मग ती संगणकाच्या भागांना वाटून देणे, ही या पेटीची कामे होत. मोठ्या घरातील काटकसरी गृहिणी ज्याप्रमाणे प्रत्येकाला पानात हवे तेवढेच वाढते, त्याप्रमाणे ही पेटी प्रत्येक भागाला हवी तेवढीच वीज देते.

अनेक पेट्यांच्या पाठीवर, वायर जोडण्याच्या खाचेजवळ, बोटाच्या पेराहूनही लहान अशी लाल सरकती कळ असते. एका बाजूस सरकवली की तिच्यावर ११५ हा आकडा दिसतो. दुसऱ्या बाजूस सरकवली की २३० दिसतो. अमेरिकेसारख्या देशात ती ११५ वर ठेवायची आणि आपल्याकडे २३० वर ठेवायची, एवढेच तिचे काम. परंतु हे काम चुकले तर काय होते, ते समजण्यासाठी आपणांस पेटीच्या आत डोकावले पाहिजे.

आत दोन जाड नळकांडी शेजारी शेजारी उभी असतात. ती धारित्रे होत. दुरुस्ती करणारे त्यांना ‘कपॅसिटर’ म्हणतात. विहिरीचे पाणी जसे आधी हौदात साठवतात, तशी ही धारित्रे वीज साठवून ठेवतात. वर आपण विजेला लाटेची उपमा दिली. आपल्या विजेचा दाब २३० व्होल्ट असे आपण म्हणतो, ते त्या लाटेचे सरासरीसारखे एक मूल्य असते. लाटेचा माथा सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत चढतो. अमेरिकेच्या लाटेचा माथा त्याच्या साधारण निम्मा, म्हणजे सुमारे १७० व्होल्ट असतो.

बंदरावर काम करणाऱ्या दोन हमालांची कल्पना करा. ओझे मोठे असले की ते बांबूला मध्ये अडकवतात आणि एकेक टोक खांद्यावर घेतात. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला निम्मा भार येतो. कळ २३० वर असताना दोन धारित्रे नेमके हेच करतात. ३२५ व्होल्टचा भार दोघांत वाटला जातो आणि प्रत्येकावर सुमारे १६२ व्होल्ट पडतात. ओझी लहान असली म्हणजे बांबूचे कारण उरत नाही. प्रत्येक हमाल एकेक ओझे स्वतंत्रपणे उचलतो. कळ ११५ वर असताना असे होते. लहान लाट आळीपाळीने एकदा या धारित्राला आणि एकदा त्या धारित्राला भरते. प्रत्येकावर पुन्हा जवळपास तेवढेच व्होल्ट पडतात आणि दोघांची मिळून बेरीज सुमारे ३४० होते. म्हणजे कळ योग्य जागी असेल, तर वीज भारताची असो वा अमेरिकेची, पेटीच्या पुढच्या भागाला दाब जवळपास सारखाच मिळतो. किती सुबक योजना ही!

परंतु समजा, कळ ११५ वर आहे आणि वीज मात्र २३० व्होल्टची आली. आता हमालांच्या हाती बांबू नाही, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर मोठे ओझे ठेवले गेले! अशा धारित्रांची सोसण्याची मर्यादा सामान्यतः २०० व्होल्ट असते. त्यांच्यावर एकाएकी ३२५ व्होल्ट येऊन आदळतात. धारित्र तापते, फुगते आणि फट् असा आवाज करून फुटते. पेटीतील वितळतार वितळते. पुष्कळदा शेजारचे नाजूक भागही जळून जातात. हे सर्व घडण्यास डोळ्यांचे पाते लवण्याइतका वेळही पुरतो.

असा प्रसंग घरात कसा ओढवतो, हे पाहण्यासाठी मालवण तालुक्यातील किनाऱ्यावरचे एक घर कल्पनेने डोळ्यांसमोर आणा. त्या घरातील धाकटे काका पुष्कळ वर्षे अमेरिकेत नोकरी करून गावी परत आले. सामानासोबत त्यांनी आपला संगणकही आणला. त्या संगणकात केवळ कामाचे कागद नव्हते. घरातील आजी हयात असताना जात्यावरच्या ओव्या म्हणत असे. एकदा गावी आले असताना काकांनी त्या ओव्या ध्वनिमुद्रित करून संगणकात साठवल्या होत्या. आजीचा आवाज आता फक्त तेथेच उरला होता.

संगणक खोक्यातून बाहेर निघाला. काका कामासाठी बाजारात गेले होते. घरातील सातवीत शिकणाऱ्या मुलीला धीर धरवेना. आजीचा आवाज कधी ऐकेन, असे तिला झाले होते. तिने वायर हातात घेतली. पण अमेरिकेच्या चपट्या पिना भिंतीवरील खाचेत बसेनात. घरात जुन्या संगणकाची एक वायर पडून होती. तिचे एक टोक संगणकाच्या पाठीला अगदी नीट बसले आणि दुसरे भिंतीत बसले. मुलीला आनंद झाला. तिने भिंतीवरील बटण दाबले.

त्याच क्षणी फटाका फुटावा तसा आवाज झाला. पाठीमागून धूर निघाला, करपल्याचा उग्र वास सुटला आणि घरातील दिवे गेले. ओसरीवरून आजोबा धावत आले. त्यांनी आधी नातीला दूर ओढले, मग मुख्य बटण बंद केले. काका परत आले, तेव्हा मुलगी कोपऱ्यात उभी राहून रडत होती.

ती म्हणाली, “काका, बटण मी दाबले. पण पिन सैल नव्हती हो. दोन्हीकडे नीट बसली होती.”

काकांनी संगणकाची मागची बाजू पाहिली. लाल कळीवर ११५ हा आकडा होता. ते म्हणाले, “बाळ, पिन बसली, पण दाब बसला नाही. तू खरे सांगितलेस, हे चांगले केलेस. ही कळ सरकवायची असते हे मला ठाऊक होते. ते मी आल्याबरोबर सांगायला हवे होते.”

आजोबांनी आयुष्यभर होडी चालवली होती. ते म्हणाले, “नव्या खाडीत शिरताना आम्ही आधी पाणी मोजायचो. तुमच्या यंत्राला पाणी मोजायची सोय नाही का रे?”

“आहे, बाबा,” काका म्हणाले. “ती त्याच्या पाठीवरच लिहिलेली आहे. फक्त ती वाचावी लागते.”

दुसऱ्या दिवशी संगणक दुरुस्त करणाऱ्या माणसाकडे नेला. त्याने पेटी उघडून दाखवली. एका नळकांड्याचा माथा फाटला होता. दुसरे फुगले होते. वितळतार काळी पडली होती. त्याने नवी पेटी बसवली आणि कळ २३० वर असल्याची खात्री करून मग संगणक चालू केला. सुदैवाने ज्या तबकडीत ओव्या साठवल्या होत्या, ती वाचली होती. पेटीतील लहान रोहित्र बाहेरची वीज आणि आतील भाग यांना परस्परांपासून अलग ठेवते. त्यामुळे पुष्कळदा नुकसान पेटीपुरतेच राहते. परंतु प्रत्येक वेळी असे होईलच, याचा भरवसा नसतो. “या खेपेला वाचलात,” तो म्हणाला, “पण जे पुन्हा मिळणार नाही, ते एकाच ठिकाणी ठेवू नका.” त्याच दिवशी काकांनी ओव्यांच्या आणखी दोन प्रती करून ठेवल्या.

या प्रसंगात मुलीची समजूत कोठे चुकली, ते ध्यानात घ्या. पिन बसली म्हणजे सारे जुळले, असे तिला वाटले. परंतु पिनेचा आकार ही एक गोष्ट आणि विजेचा दाब ही दुसरी. संगणकाच्या पाठीवरील खाच बहुतेक सर्व देशांत एकाच आकाराची असते. त्यामुळे कोठलीही वायर तिच्यात बसते. परदेशी पिना आपल्या खाचेत बसवण्यासाठी बाजारात लहान जोडतुकडे मिळतात. तेही केवळ आकार बदलतात, दाब बदलत नाहीत. चूक अडवील असा दरवाजा तेथे नसतो. तेथे पहारा असतो तो आपल्या डोळ्यांचाच.

याच्या उलट चूक झाली तर? कळ २३० वर ठेवून संगणक अमेरिकेतील विजेला जोडला, तर धारित्रांना अर्धाच दाब मिळतो. संगणक बहुधा सुरूच होत नाही. कळ नीट केली की तो पूर्ववत चालू लागतो. म्हणून दुरुस्त करणारी अनुभवी माणसे एक साधा नियम सांगतात: शंका असेल तर कळ मोठ्या आकड्यावर ठेवा. उपाशी राहिलेले यंत्र पुन्हा उठते. जळलेले यंत्र उठत नाही.

अलीकडच्या पुष्कळ यंत्रांत ही कळ नसते. लॅपटॉप व मोबाइल यांच्या चार्जरवर बारीक अक्षरांत ‘इनपुट’ या शब्दापुढे १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले असते. असे यंत्र कोणत्याही देशातील दाब आपल्या आपण ओळखून सांभाळून घेते. पण सगळीच उपकरणे अशी समजूतदार नसतात. परदेशातून आणलेले मिक्सर, इस्त्री, केस वाळवण्याचे यंत्र यांवर अनेकदा केवळ १२० व्होल्ट एवढेच लिहिलेले असते. विरोध तोच राहिला असे धरले, तर दाब दुप्पट झाला असता उष्णता दुप्पट नव्हे, चौपट होते. असे उपकरण सरळ आपल्या विजेला जोडले, तर ते जळून जाते. त्यासाठी दाब निम्मा करणारे स्वतंत्र रोहित्र मध्ये बसवावे लागते.

आपल्या किनारपट्टीवर आणखी एक काळजी घ्यावी लागते. खाऱ्या दमट हवेने पत्रा गंजतो, अक्षरे पुसट होतात आणि आकडा वाचता येईनासा होतो. वादळवाऱ्याचाही धोका असतो. मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळात सिंधुदुर्ग जिल्ह्यात विजेचे कितीतरी खांब कोसळले आणि अनेक गावे अंधारात बुडाली. विजेच्या तारांमध्ये ‘न्यूट्रल’ नावाची एक तार असते. वादळात नेमकी ती तुटली आणि इतर तारा चालू राहिल्या, तर काही घरांत २३० व्होल्टऐवजी ४०० व्होल्टच्या जवळपास दाब येऊ शकतो. तेव्हा यंत्राची कळ योग्य जागी असूनही यंत्र जळते. म्हणून वादळाच्या वेळी संगणक, दूरदर्शन संच यांच्या पिना काढून ठेवाव्यात. वीज परत आल्यावर दिवे नेहमीपेक्षा फार प्रखर किंवा फार मंद वाटले, तर काहीही जोडू नये. मुख्य बटण बंद करून वीजकर्मचाऱ्यांना कळवावे.

मुलांनो, हे नियम नीट लक्षात ठेवा. नवे किंवा दुसऱ्या गावाहून आणलेले यंत्र जोडण्यापूर्वी त्याच्यावरील पट्टी वाचा. पट्टी वाचता आली नाही, तर जाणत्या माणसाला विचारा. लाल कळ सरकवायची झाल्यास ती मोठ्या माणसांकडून, वायर पूर्णपणे काढल्यानंतरच सरकवून घ्या. यंत्र चालू असताना तिला कधीही हात लावू नका. आवाज झाला, धूर निघाला किंवा करपल्याचा वास आला, तर यंत्राला न शिवता मुख्य बटण बंद करा आणि घरातील मोठ्यांना हाक मारा. विजेच्या आगीवर पाणी ओतू नका. त्यासाठी कोरडी वाळू वापरतात. आणि पेटी उघडून पाहण्याचा मोह मुळीच धरू नका. वीज बंद केल्यावरही धारित्रांत काही वेळ ती साठून राहते आणि तिचा झटका जीवावर बेतू शकतो.

एका आकड्याकडे दुर्लक्ष करण्याची चूक लहान मुलेच करतात, असे समजू नका. १९९९ साली अमेरिकेच्या नासा या संस्थेने पाठवलेले ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान मंगळाजवळ पोहोचले आणि नष्ट झाले. यानाला मिळणाऱ्या धक्क्यांचे आकडे एका गटाने पाउंडाच्या मापाने दिले होते. दुसऱ्या गटाने ते न्यूटन या मापातील आहेत असे धरले. आकडे होते, यंत्रेही उत्तम होती, माणसे तर मोठी विद्वान होती. नव्हती ती फक्त मापांची जुळणी. महिनोन्‌महिने प्रवास करून गेलेले यान त्यामुळे ठरल्याहून फार खालून मंगळाच्या वातावरणात शिरले.

वीज आपली शत्रू नाही आणि यंत्र भित्रे नाही. वीज ज्या दाबाने येते, त्या दाबाने ती काम करणारच. यंत्र जेवढ्यासाठी घडवले आहे, तेवढेच ते सोसणार. त्या दोघांना एकमेकांशी बोलता येत नाही. त्यांच्या वतीने पाहणे, वाचणे आणि विचारणे हे माणसाचे काम आहे. बटण दाबण्यास एक क्षण लागतो आणि आकडा वाचण्यासही एकच क्षण लागतो. यांतील दुसरा क्षण आधी खर्च करावा, एवढाच शहाणपणा या लहानशा कळीने आपणांस शिकवला, तरी पुष्कळ झाले.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची उत्तरे दोन-तीन वाक्यांत लिहा.
(अ) दूर न्यायच्या विजेचा दाब मुद्दाम का वाढवतात?
(आ) अमेरिकेत व भारतात घरगुती विजेचा दाब किती असतो?
(इ) मुलीने जोडलेला संगणक का जळला? ओव्या मात्र का वाचल्या?

२. “पिन बसली, पण दाब बसला नाही.” या वाक्याचा अर्थ आपल्या शब्दांत स्पष्ट करा.

३. दोन हमालांच्या उदाहरणावरून धारित्रांचे काम समजावून सांगा.

४. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा: जुळणी, पायरीपायरीने, डोळ्यांचे पाते लवणे, जीवावर बेतणे.

५. घरातील तीन विद्युत उपकरणे मोठ्या माणसांच्या मदतीने, वीज बंद ठेवून पाहा. त्यांच्या पट्टीवर लिहिलेला दाब वहीत उतरवून घ्या.